पाठमोरी

१

रेडिओकाकांचं काम बोलण्याचं होतं. कलासंग्रहालय लोकांसाठी उघडण्याआधी, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास दालनात असायचा तेव्हा, डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांचा एक छोटा गट तिथे यायचा. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, एकामागे एक. रेडिओकाका त्यांना चित्रासमोर उभं करायचे, घसा खाकरायचे आणि चित्र सांगायला लागायचे. आधी आकार, दाराएवढं की ताटाएवढं. मग पान वाचावं तसं डावीकडून उजवीकडे. मग रंग. तांबडा म्हणजे उन्हात तापलेल्या पत्र्याला चुकून हात लागला तर जे होतं ते. निळा म्हणजे उशी उलटी केली की गालाला लागते ती गार बाजू.

त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर माइकसमोर गेली होती. कुठली गाडी कुठे लागलीय, कुठली आज सुटणार नाही, हे सांगण्यात. आवाज गावभर ओळखीचा, चेहरा कुणालाच नाही. 'रेडिओ' हे नाव तिथलंच. केस पिकले तसं त्याला 'काका' चिकटलं.

चित्रं सांगायला मात्र ते घरात शिकले. त्यांची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची म्हणून काकाही म्हणायला लागले, आधी थट्टेनं, मग सवयीनं. बाईंची नजर चाळिशीनंतर गेली. एकदम नाही. कडेकडेनं आत सरकत, बोगद्याच्या तोंडाएवढी झाली, मग नाण्याएवढी, आणि मग तेही नाणं कुणीतरी खिशात टाकलं. तेव्हापासून काका त्यांचे डोळे झाले. ताटात काय वाढलंय, समोरच्या घराला कुठला रंग दिला, लेकीच्या कपाळावर आठी आहे की नाही, सगळं सांगायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "असेल तेवढं सांगा. नसेल ते सांगू नका. आणि छान आहे म्हणू नका, ते मी ठरवीन."

एकदा संग्रहालयात काका बाईंना एका चित्राबद्दल सांगत असताना तिथल्या दालनप्रमुख बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी काकांना कामावरच घेतलं. निवृत्तीनंतर इतकं सुख मिळेल असं काकांना वाटलं नव्हतं.

२

त्या वर्षी एकाच चित्रकाराची चित्रं चार दालनांत लागली. तो कधीच गेलेला होता. पहिल्या दालनात त्याची तरुणपणाची चित्रं, एकच घर पुन्हा पुन्हा काढलेलं. जिना, कठडा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी एक पाठमोरी बाई. दुसऱ्या दालनात तेच घर काच फुटावी तसं फुटलेलं. भिंतीचे तुकडे, जिन्याचे तुकडे, एकमेकांत घुसलेले. तिसऱ्यात घर गेलं. नुसते पट्टे, करडे, पिवळे, विटकरी. आणि चौथ्या दालनात एकच भलंमोठं चित्र. पांढरं. पांढऱ्यावर पांढरं, बाकी काही नाही.

चौथ्या दालनाच्या दाराशी त्याचं एक वाक्य भिंतीवर लिहिलं होतं. 'मी नवीन काही काढत नाही. आड येणारं तेवढं काढून टाकतो.'

काका घरी आले ते डोक्याला हात लावूनच. पांढरं चित्र सांगायचं कसं? बाई हसल्या. शाळेतल्या पोरांना त्या जे सांगायच्या तेच त्यांनी नवऱ्याला सांगितलं. पूर्वी चित्रकाराकडे लोक जायचे ते आजोबा आजोबांसारखे आलेत का बघायला. मग कॅमेरा आला आणि आजोबा त्याच्याकडे गेले. चित्रकार रिकामा झाला. त्याला प्रश्न पडला, आजोबा वजा केले तर चित्रात उरतं काय? मग कुणी आकार मोडून बघितला, कुणी वस्तूचा रंग वस्तूला न देता भलतीकडे दिला, कुणी वस्तूच उचलून बाहेर ठेवली. आणि गंमत अशी की तरीही चित्र उरलं. रेघ उरली, रंग उरला, एका बाजूचं वजन आणि दुसऱ्या बाजूचा तोल.

"गाण्यात कुठं झाड असतं?" बाई म्हणाल्या. "तरी वारा लागतो ना अंगाला?"

काकांना ते पटलं. आपली बायको अजून बाईच आहे, याचा त्यांना त्या दिवशी अभिमान वाटला.

३

प्रदर्शनासाठी काकांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा होता, म्हणजे एकट्यादुकट्या येणाऱ्या माणसालाही कानाला यंत्र लावून ऐकता येईल. संग्रहालयाच्या तळघरात त्यासाठी एक खोली होती. भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग बंद. अशा खोलीत स्वतःचा आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच पडतो, परत येत नाही. काकांना माइकची सवय होती, पण ही शांतता काही त्यांना मानवेना. समोर चित्रांची छापील प्रत ठेवून ते बोलत गेले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट कानाला हेडफोन लावून बसला होता. तो मुळात थट्टेखोर माणूस. काकांना 'आजची शेवटची गाडी' म्हणून चिडवायचा.

दुसऱ्या दालनातली चित्रं झाल्यावर तो आत आला. त्यानं विचारलं, ती वळतेय हे वाक्य ठेवायचं का?

काकांना कळेना. कोण वळतेय?

त्यानं ऐकवलं. काकांचाच आवाज, संथ, माइकवरचा. 'डावीकडे जिन्याचे तीन तुकडे एकावर एक. त्यांच्या मागे करड्या रंगाचा चौकोन. चौकोनामागे ती उभी आहे, पाठमोरी. मान किंचित वळवलेली.'

काकांनी छापील प्रत पुन्हा पाहिली. जिन्याचे तुकडे होते, करडा चौकोन होता. बाई नव्हती. आपण हे बोललो असं त्यांना अजिबात आठवत नव्हतं. पण तोंडाला वळण पडतं. पहिल्या दालनात प्रत्येक चित्राला 'पाठमोरी बाई' म्हणून म्हणून जीभ तिथेच घसरली असणार. बसस्थानकावरही एकदा रद्द झालेली गाडी त्यांनी सवयीनं लावली होती आणि लोक पोतीपिशव्या घेऊन धावले होते. ती गोष्ट सांगून ते हसले. रेकॉर्डिस्टही हसला. ते वाक्य त्यानं काढलं आणि पुन्हा ध्वनिमुद्रण केलं.

ते ऐकून त्यानं नुसतीच मान हलवली. वाक्य पुन्हा आलं होतं. या वेळी 'किंचित' नव्हतं.

काका पाणी प्यायले. थकवा असेल, म्हणाले. रेकॉर्डिस्ट म्हणाला की मी कापतो, तुम्ही पुढे चला. त्या दिवशी त्यानं पुन्हा थट्टा केली नाही.

४

गट आला त्या सकाळी बाईही आल्या. काकांच्या दंडाला धरून सगळ्यात पुढे. पहिलं दालन झकास झालं. गटात एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर होते, ते घराचा जिना ऐकून म्हणाले की आमच्या जिन्यापेक्षा याच्या पायऱ्या सारख्या दिसतात. सगळे हसले. दुसऱ्या दालनात काका जिभेवर नजर ठेवून बोलले. एकेक शब्द जोखून. तिसऱ्यातही. काही घसरलं नाही. काकांना बरं वाटलं.

चौथ्या दालनात वातानुकूलन यंत्राची बारीक घरघर सोडली तर आवाज नव्हता. काकांनी पांढरं चित्र सांगायला घेतलं. माणसापेक्षा उंच, दोन पलंग शेजारी ठेवावेत तेवढं रुंद. पांढरा एक नाही. वर चुन्याचा, मध्ये दुधाचा, खाली जुन्या कपाचा. कुंचल्याचे फटकारे जवळ गेलं तर दिसतात, भिंतीला गिलावा करताना थापी फिरवावी तसे. चित्रात काहीही नाही.

काकांच्या दंडावरचा हात सुटला.

बाईंनी विचारलं, समोरून कोणी गेलं का? काका म्हणाले, नाही. बाई एक पाऊल पुढे झाल्या. त्यांची बुबुळं, जी नेहमी पाण्यातल्या पानासारखी इकडेतिकडे तरंगायची, ती एका जागी थांबली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला दिसतंय."

इतक्या वर्षांत काकांनी या वाक्याचं स्वप्नसुद्धा पाहणं सोडलं होतं. त्यांनी बाईंच्या डोळ्यांसमोर बोटं धरली. बोटं दिसत नव्हती. काका दिसत नव्हते, दिवे दिसत नव्हते. मग काय दिसतंय?

लांब कुणीतरी उभं आहे, बाई म्हणाल्या. केस वर बांधलेले. खांदा जरा उतरलेला. पाठमोरी. म्हणजे, पाठमोरी होती. आता कान दिसतोय.

टेलिफोन ऑपरेटर हळूच म्हणाले की काकांनी आत्ताच तर सांगितलं तसं. काकांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, मी काय सांगितलं? ऑपरेटर गोंधळले. शेवटी तुम्हीच म्हणालात ना, की तिचा कान दिसतोय?

५

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे होते तसेच होते, मेलेले. ते समजूतदार माणूस होते. त्यांनी सांगितलं, नजर गेलेल्या माणसाला कधीकधी असं दिसतं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, आपलंच काहीतरी काढून दाखवतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला माणसं. वेड नव्हे, घाबरण्याचं काही नाही.

काकांनी हे कारण घट्ट धरलं. लेकीला फोनवर सांगताना त्यांनी डॉक्टरांची वाक्यं जशीच्या तशी म्हटली. ऑपरेटरनं जे ऐकलं ते त्यांनी लेकीला सांगितलं नाही. दुसऱ्या खोलीत बाई गुणगुणत होत्या. किती वर्षांनी.

त्यानंतर बाई रोज संग्रहालयात जायला लागल्या. ठेवणीतले कपडे घालायच्या, केस नीट विंचरायच्या. चौथ्या दालनातल्या बाकावर बसायच्या आणि समोर पाहत राहायच्या. लोक पांढऱ्या चित्रापुढे घटकाभर थांबून, 'हे तर मीही केलं असतं' म्हणून निघून जायचे. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र अशी ओढ असायची की काकांना लाज वाटावी इतका मत्सर वाटे. या बाईला आपण जग सांगितलं, पानपान, ताटताट. तरी आपल्याकडे तिनं कधी असं तोंड केलं नव्हतं.

एका दुपारी बाईंनी घरी कागद आणि पेन्सिल मागितली. डाव्या हातानं कागदाची कड धरून त्यांनी काढायला घेतलं. बरीच वर्षं हात चालला नव्हता, तरी रेघ बाईंचीच होती, न कचरणारी. पाठमोरी बाई, केस वर बांधलेले, मान अर्धी वळलेली. उजव्या पायाची टाच चपलेच्या बाहेर आलेली.

टाच पाहून काका थबकले. दुसऱ्या दिवशी पहिल्या दालनात ते एकेका चित्राजवळ नाक नेऊन उभे राहिले. सगळ्या चित्रांत होती. जिन्यावर, कठड्याशी, दोरीखाली. तांदळाच्या दाण्याएवढी ती टाच, चपलेबाहेर. काकांनी ती आजवर पाहिलीच नव्हती. पाहिली नव्हती म्हणजे सांगितलीही नव्हती.

की सांगितली होती?

६

ते तळघरात गेले. रेकॉर्डिस्टला म्हणाले, मी कुठे टाचेबद्दल बोललोय का बघ. तो लगेच उठला नाही. पेन्सिल हातात फिरवत बसला. मग म्हणाला की तो त्यांना स्वतःच बोलावणार होता. शेवटच्या चित्राचं ध्वनिमुद्रण अजून यंत्रांत भरलेलं नाही. दालनप्रमुखांना त्यानं खोटं कारण सांगितलंय.

"काका, पांढरं चित्र तुम्ही थोडक्यात सांगून उठलात. बरोबर?"

काका म्हणाले, बरोबर.

"मग उरलेलं कधी बोललात?"

ध्वनिमुद्रण लांबलचक होतं. सुरुवात काकांना आठवत होती ती. चुन्याचा पांढरा, दुधाचा, जुन्या कपाचा. चित्रात काहीही नाही. मग नुसता श्वास, आणि मग तोच आवाज, पण माइकवरचा नव्हे. घरातला. काका बाईंना ताटातलं सांगताना लावायचे तो, मऊ, घाई नसलेला. 'ती उभी आहे. उजवी टाच चपलेबाहेर, निघायच्या बेतात असल्यासारखी. मानेवर घाम आहे. कानाची पाळी दिसते, भोक आहे, त्यात काही नाही. आता गालाची कड दिसते. गाल...'

रेकॉर्डिस्टनं बटण दाबलं.

पुढचं ऐकलंस का, काकांनी विचारलं. तो म्हणाला, थोडं ऐकलं. मग हेडफोन काढून टाकले. काय आहे पुढे, हे काकांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की हे त्याच्या यंत्रावर त्याला ठेवायचं नाही. काकांसमोर त्यानं ते पुसलं. मग उठून दिवे लावले, होते नव्हते ते सगळे.

७

काकांनी ठरवलं, बाईंना आता तिथे न्यायचं नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या की जायची आता गरज नाही.

जेवायच्या टेबलासमोर घराची एक मोकळी भिंत होती. दुपारी खिडकीतून ऊन थेट तिच्यावर पडायचं. बाई खुर्ची तिकडे वळवून बसल्या. हात मांडीवर, चेहरा वर. बाकावर बसायच्या तशाच.

"तिथे ती लांब होती," त्या म्हणाल्या. "इथे बरीच जवळ आलीय. आता तिच्या आड काहीच नाही."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. बाईंची समजूत घालण्यासाठी, आणि खरं तर स्वतःचीच, ते सांगायला लागले. बाई, ही आपली भिंत आहे. एक खिळ्याचं भोक आहे. त्याखाली रंगाचा पोपडा आलाय. पंख्याची सावली फिरतेय. आणि तिच्या...

त्यांनी दात आवळले. या वेळी त्यांना ऐकू आलं होतं. वाक्य त्यांचं नव्हतं, पण तोंडात तयार होतं, घास असावा तसं. बाई उत्सुकतेनं त्यांच्याकडे कान करून बसल्या होत्या. पुढे बोला ना, म्हणाल्या.

त्याच दिवशी काकांनी ती भिंत भरायला घेतली. कपाट ओढत आणून लावलं. कपाटाशेजारी पुस्तकांची मांडणी, वर घड्याळ, जुनी दिनदर्शिका, लेकीचे लहानपणचे फोटो, मिळेल ते. एक वीतभर पांढरं म्हणून ठेवलं नाही. मग बाकीच्या भिंती. घराची अडगळीची खोली झाली. चालताना खांदा कशाला तरी लागायचाच. पण संध्याकाळी बाई बराच वेळ समोर तोंड करून बसल्या आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

ती परत पाठमोरी झालीय, त्या म्हणाल्या. वस्तूंच्या मागे गेली की ती पाठ करते.

काकांना वाटलं, जिंकलो. पुढचे काही दिवस त्यांनी अगदी तोलून मापून बोलत काढले, कामापुरतं. बाई जेवेनाशा झाल्या. वर्तमानपत्र वाचून दाखवा म्हणेनात. उन्हाळ्यात विहीर आटावी तसं त्यांच्यातलं काहीतरी खाली खाली गेलं. एकदा काका त्यांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, "इतक्या वर्षांत मला एक गोष्ट दिसली हो. एकच. आणि तुम्ही तिच्यावर कपाट ठेवलंत."



८

दालनप्रमुखांना भेटून, काम सोडतोय हे सांगून काका दुपारी घरी परतले. जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकं, खुर्च्या, घड्याळ, फोटोंच्या चौकटी, सगळं पायऱ्यांवर रचून ठेवलेलं. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं दारातून विचारलं, रंगकाम काढलंत का? काका काहीतरी बोलले, हो, घरच्या घरी चाललंय असं काहीसं, आणि वाट काढत वर गेले.

घर रिकामं होतं. बाईंनी एकटीनं, चाचपडत, सगळं बाहेर काढलं होतं. कपाटसुद्धा, खण एकेक करून उपसून, दारापर्यंत सरकवत नेलेलं. फरशीवर त्याचे ओरखडे होते. भिंतींवर फक्त ऊन होतं. बाई त्या भिंतीच्या समोर जमिनीवर बसल्या होत्या, पाठ मागच्या भिंतीला घट्ट लावून. नखांतून रक्त आलेलं. चेहऱ्यावरची ती ओढ गेली होती.

बाई, हे काय केलंस, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की काका जागीच थांबले. "मी सांगते. तुम्ही फक्त ऐका. मला वाटत होतं, ती माझ्याकडे वळतेय. मला बघायला. म्हणून सगळं काढलं. तेव्हापासून इथे बसलेय, समोर. ती हलली नाही. केसभरही नाही. आणि आत्ता खाली तुम्ही शेजारणीशी बोललात."

काकांनी उंबऱ्यातच दाराची चौकट धरली.

"तुमचा आवाज ज्या बाजूनं आला, त्या बाजूला तिनं मान फिरवली. तुमच्याकडे वळते ती. पहिल्यापासून."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याचं भोक. पोपडा. ऊन. त्यांना ओरडावंसं वाटलं की तिथे काही नाही, शपथेवर सांगतो, काही नाही. पण ते सांगायलाही आवाजच लागला असता.

"आता थोडंच राहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि मला ते बघायचं नाही. तुम्हाला डोळे मिटता येतात हो. मला कुठे मिटता येतात?"

९

त्यानंतर रेडिओकाका बोलले नाहीत.

सामान परत आत आणलं, पण आता त्यानं काही झालं नाही. वस्तू होत्या, त्यांच्यामधून ती दिसत होती, बाई एवढंच म्हणायच्या. लेक आली. तिला वाटलं, वडिलांना झटका येऊन वाचा गेली. काकांनी कागदावर लिहून दिलं की तब्येत ठीक आहे, बोलावंसं वाटत नाही. ती रडली, डॉक्टरांकडे नेते म्हणाली, आणि शेवटी हताश होऊन आपल्या घरी गेली. प्रदर्शन दुसऱ्या शहरात गेलं. टेलिफोन ऑपरेटरांचा एकदा फोन आला, काका आहेत का विचारायला. बाईंनी सांगितलं, नाहीत.

काका बाईंच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून सांगायचे. चहा. गरम. पायरी. एवढंच जमायचं. खिडकीबाहेर काय चाललंय, शेजारी कुठले पडदे लागले, आभाळ कसं आहे, हे तळहातावर मावत नव्हतं. बाईंचं जग गेलं. आधी डोळे गेले होते तेव्हा काका होते. आता अंधार होता आणि अंधारात एकच माणूस उभं होतं, जवळजवळ समोर तोंड करून. बाई म्हणायच्या, हलत नाही, हलत नाही. दिवसातून पुन्हा पुन्हा म्हणायच्या, म्हणजे काकांना धीर यावा. काका त्यांचा हात दाबायचे. म्हातारपणी माणसं याहूनही कमी गोष्टींवर दिवस काढतात, असं काका स्वतःला सांगत. मनातल्या मनात.

एक दुपार अशीच होती. काका खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले होते. जाग आली ती जबडा दुखत होता म्हणून. ओठ मिटलेले होते, दात दातावर होते. पण दातांच्या आत जीभ चालली होती. टाळूला लागत होती, मागे सरत होती, पुन्हा लागत होती. बिनआवाजी, सावकाश, घाई नसलेली. डावीकडून उजवीकडे. काकांनी ती दाताखाली धरली. सुटली. पुन्हा धरली, रक्ताची चव आली, आणि ती चालतच राहिली.

"हलली," म्हणत समोरच्या खुर्चीतून बाई उठल्या. चाचपडत आल्या, काकांचा खांदा, मान, हनुवटी शोधली आणि तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला. घट्ट. त्यांची बोटं आता बरंच काही वाचायला शिकली होती. ओठांच्या आत काय चाललंय ते त्यांना कळत होतं, हे काकांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, एकेका शब्दागणिक.

काकांनी बाईंच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं. ऊन होतं. स्वच्छ, पांढरं ऊन.

मग बाईंनी हात काढून घेतला. तो ठेवण्यात आता काही अर्थ उरला नव्हता.